टेपमधला माळ

"चहा पिऊन कप वाळला, तरी ही बया उठंना," माझ्या सासूबाई, गोजरबाई, माझ्या कानाशी पुटपुटल्या. त्यांचं पुटपुटणं अर्ध्या निरवांगी गावाला ऐकू जायचं.

ओसरीवरच्या प्रतिक्षा मॅडम हसल्या. त्या बारामतीच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या. शहाण्णव साली त्या जनावरं-पाखरं असलेल्या ओव्या टेपवर गोळा करत गावोगाव फिरत होत्या. म्हणायच्या, माळ किती एकर ते सरकार लिहितं, माळाशी माणसं काय बोलली ते कुणी लिहीत नाही.

सासूबाईंनी टिटवीची दिली, होल्याची दिली. लांडग्याची देईनात.

"ती फक्त तुम्हालाच येते म्हणे, आजी."

"इसरले."

साफ खोटं. आमच्या मेंढपाळांत लांडग्याचं नाव घेत नसत, पाव्हणा म्हणत. दर साली पहिलं कोकरू त्याच्या वाट्याचं. त्याला काठी उगारायची नाही. जात्यावर त्या म्हणायच्या:

पहिलं गं कोकरू, माळाच्या पाव्हण्याला
घरी बाळंतीण त्याची, दूध मिळू दे तान्ह्याला

गेल्या वैशाखापासून त्यांनी ती म्हटली नव्हती. कुत्रंही तेव्हापासून माळाकडे पाठ करून बसायचं.

"लांडग्याला गाणं कशाला, मॅडम? त्यो काय टाळ्या वाजवतोय?" आमचे हे, मानसिंग, दारातून म्हणाले. हसले एकटेच.

मॅडमनी टेप मागं फिरवून लावली. सासूबाईंचा आवाज आला. दोन ओव्यांच्या मधे मात्र काहीच नाही.

"किती स्वच्छ आलंय! बाकी गावांत कावळे, घारी मधे ओरडतात. इथं चिमणीसुद्धा नाही."

आम्ही तिघं टेपकडे बघत राहिलो. भर दुपार, समोर उघडा माळ. चिमण्यांनी तर ते खाल्लंही नव्हतं, तरी गेल्या होत्या. फीत फिरत होती, आणि आत कुणीतरी श्वास धरून बसलंय असं वाटत होतं.

"बंद करा ते," हे म्हणाले.

"न्हाय. भरायचं बटण दाबा, बाई," सासूबाई म्हणाल्या.

"आई, गप की!"

"वरीसभर गपच हाय." त्या टेपवर वाकल्या. "निम्मा माळ उसाखाली गेला, पाव्हणा तीन-तीन कोकरं न्याया लागला. आमच्या मानसिंगानं मेल्या मेंढीत फवारायचं औषध भरलं, बिळापाशी टाकली. पाव्हण्याची पिल्लं मेली, मागनं गिधाडं, घारी, कावळं. आन् ती मेंढी त्येला मीच काढून दिली हुती."