घड्याळ टपालाने येतंय

नणंदेचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा आमचे हे दाढी करत होते. "बाबांचं घड्याळ टपालाने पाठवतेय. घरी थांब." एवढंच. ना कसा आहेस, ना साठी झाल्याबद्दल एखादा गोड शब्द. यांनी तो अर्ध्या दाढीनिशी वाचला, मला वाचून दाखवला, मग 'मला काय त्याचं' असा चेहरा करून उरलेली दाढी उरकली आणि गाल कापून घेतला. मला कळलं, आता या घरात काही खरं नाही.

ते घड्याळ साधंसुधं नव्हे. सासरे बोटीच्या इंजिनखोलीत नोकरीला होते तेव्हा कुठल्याशा बंदरात त्यांनी ते घेतलं होतं. सोन्याचं, मनगटावर बांधायचं, रोज चावी द्यावी लागणारं. एका घड्याळजीने ते भिंग लावून बघितलं आणि विकता का, विकता का म्हणून असा मागे लागला, की सासऱ्यांनी त्याच्या गल्लीतून जाणंच सोडलं. सासरे गेले तेव्हा हे म्हणाले, घड्याळ मुलाकडे यायला हवं. वन्सं म्हणाल्या, शेवटपर्यंत उशाशी बसून ज्याने चावी दिली त्याच्याकडेच ते राहील. दोघांचंही तोंड तिखट. शब्दाने शब्द वाढला आणि बहीणभावाने जो अबोला धरला तो इतकी वर्षं. एकमेकांची खबर मात्र आतेबहिणीकडून न चुकता घ्यायची. त्या बिचारीचं टेलिफोन एक्स्चेंज झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून यांनी दुकानाला दांडी मारली. यांचं फोटो फ्रेम करायचं दुकान आहे. तिथे एक लग्नाचा फोटो काचेची वाट बघत भिंतीला टेकून उभा होता. एव्हाना त्या नवराबायकोचं भांडण होऊन समेटही झाला असेल, फोटो आपला तिथेच. गिऱ्हाइकाचा फोन आला की हे मला खुणा करायचे, सांग, बरं नाहीये.

बेल वाजते की नाही याची यांना सारखी शंका. म्हणजे बेल वाजायची, मी पिठाच्या हातांनी धावत यायची, आणि दारात आमचेच हे. "वाजते," असं समाधानाने सांगून आत. बेल ऐकू यायची नाही म्हणून मिक्सर लावायला बंदी. आंघोळ कावळ्याची. पोस्टमन गल्लीच्या टोकाला दिसला की हे गॅलरीतून अर्धे बाहेर. त्याला आधी पाणी दिलं, मग चहा दिला, मग त्याच्या पाठदुखीची चौकशी सुरू केली. तो इतका ओशाळला, की आमचं काही नसलं की दारावरून मान खाली घालून जायचा.

एकदा खरंच खोकं आलं. हे ते दोन्ही हातांनी छातीशी धरून आत आले. टेबल रिकामं केलं, हात धुतले, दुकानातलं धारदार पातं घेऊन चिकटपट्टी जपून कापली. आत कुकरची रिंग. मी मागवली होती. मला इतकं हसू आलं, की खुर्चीत बसावं लागलं. यांना नाही आलं.

"चोरीला गेलं असणार," हे म्हणाले.

"मग फोन करून विचारा ना त्यांना."

"मी विचारू? म्हणेल, बघा, घड्याळासाठी जीव कसा वरखाली होतोय."

"होतोयच की."

"घड्याळासाठी नाही होत!" हे एकदम ओरडले. मग रिंगेशी चाळा करत हळूच म्हणाले, "तिचा विचार बदलला असणार गं. मी तेव्हा काय काय बोललो ते आठवलं असेल. घड्याळ गेलं खड्ड्यात. पण इतक्या वर्षांनी तिने आपणहून हात पुढे केला होता."

मला गलबलून आलं. यांच्या हातातून रिंग घेऊन मी आत गेले आणि ती कुकरला बसवायला लागले.

त्यानंतर यांनी बेल तपासणं सोडलं, आणि ते मला जास्त लागलं. एका दुपारी बेल वाजली तेव्हा मी सवयीने ओरडले, "वाजते, वाजते, कळलं!" आणि बघते तर हे माझ्या शेजारीच उभे.

हेच दार उघडायला गेले. दारात वन्सं! केस पांढरे झालेले, हातात प्रवासाची बॅग, मनगटावर ते घड्याळ, पुरुषी पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढलेला.

"तू टपालाने पाठवणार होतीस," हे म्हणाले. इतक्या वर्षांनी बहिणीशी बोललेलं पहिलं वाक्य हे!

"गेले होते की पोस्टात. खोकं बांधलं, पत्ता घातला. मग खिडकीतल्या बाईला म्हटलं, याला रोज सकाळी चावी लागते. वाटेत चावी कोण देणार?"

"मग?"

"ती म्हणाली, मावशी, टपालात चावी देत नाहीत. रांगेतले सगळे हसले. मी खोकं घेऊन परत. मग नुसती घरात येरझारा. बाबा गेले त्या सकाळीसुद्धा मी ते बंद पडू दिलं नव्हतं रे टिल्ल्या. आता खोक्यात पडून बंद पडू देऊ? शेवटी म्हटलं, आपणच टपाल व्हावं."

टिल्ल्या हे यांचं लहानपणचं नाव. आता वजनकाटा यांना बघून कुरकुरतो, पण त्या हाकेसरशी हे दारातच हमसून रडायला लागले. वन्संही रडायला लागल्या. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी बॅग आत घेतली. खरं सांगते, मला नाचावंसं वाटत होतं.

चहा झाल्यावर वन्संनी घड्याळ काढून यांच्या हातावर ठेवलं. त्यांच्या मनगटावर पट्ट्याच्या जागी फिकट वळ राहिला होता. यांनी ते कानाशी धरलं आणि डोळे मिटले.

"रोज सकाळी, चहाच्या आधी," वन्संनी बजावलं. "जोर करायचा नाही. जड लागलं की थांबायचं."

यांनी चावीला बोट लावलं, जराशी खुडबुड केली आणि घड्याळ परत त्यांच्यापुढे धरलं. "मला नाही जमत, ताई."

मी बघतच राहिले. हा माणूस दिवसभर काच कापतो, आणि याला चावी फिरवता येत नाही!

"लहानपणी माझ्या आधी उठून चावी देऊन बसायचास, लबाडा."

"विसरलो. शिकवावं लागेल तुला."

"त्यात शिकायला काय आहे? किती वेळ लागतो?"

"मी ढ आहे, तुला माहीत आहे. उद्या सकाळी दाखव. परवा पुन्हा दाखव. मग बघू."

वन्सं भावाकडे रोखून बघत राहिल्या. मग त्यांनी घड्याळ पुन्हा स्वतःच्या मनगटावर बांधलं आणि मला म्हणाल्या, "अगं, मला उशी जरा उंच लागते हं."