गुडघाभर पाणी

"जोरात घास गं मावशी. पैसे देऊन गुदगुल्या करून घ्यायला नाही आले मी," बाकावर पालथी पडलेली आजी म्हणाली.

मिनोतीने हातातल्या खरखरीत मोज्यावर भार दिला. आजीच्या पाठीवरून मळाच्या राखाडी वळकट्या सुटू लागल्या. "आत्ता कसं," असं म्हणून आजीने डोळे मिटले, आणि तेवढ्यात काचेच्या दारापलीकडे, वाफेत पुसट, मिनोतीला आपली धाकटी बहीण दिसली. शेबिका कारखान्याच्या कपड्यांतच आली होती. बूट हातात, आणि दुसऱ्या हातात उंच धरलेली एक पातळ पुस्तिका.

"बेई! आलं! झालं एकदाचं!" दार फटीएवढं उघडून ती ओरडली. बेई म्हणजे ताई. कोरियातल्या गिंपोच्या त्या सार्वजनिक न्हाणीघरात अंगावर कपडे असलेली ती एकटीच होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या बायका वळून पाहू लागल्या.

"बघ ना. हातात तरी घे."

"हात ओले आहेत माझे," मिनोती म्हणाली.

"पुसून घे की."

"गिऱ्हाईक आहे समोर. दार लाव, वाफ जाते बाहेर."

शेबिका दार लावून गेली. मिनोतीने आजीच्या खांद्यावर इतक्या जोराने हात चालवला की आजी कळवळली. "अगं, पाठ आहे ती माझी, फरशी नव्हे!"

मिनोती आणि शेबिका सख्ख्या बहिणी. चितगावच्या डोंगरातलं एकच गाव, एकच घर, आणि ते घर जाळलं गेलं ती दुपारही एकच. आधी मिनोती कोरियात आली. मग विमानभाड्याचे पैसे साठवून तिनेच शेबिकाला आणलं, आश्रयाचा अर्जही दोघींचा एकत्रच गेला. मुलाखती मात्र वेगळ्या झाल्या. वेगळी खोली, वेगळा अधिकारी. परक्या माणसापुढे आपलं दुःख मांडताना तोंड हसतं ठेवावं, ऐकणाऱ्यावर ओझं टाकू नये, हे त्यांच्याकडे पोरींना पाळण्यातच शिकवतात. मिनोती हसऱ्या तोंडाने सगळं सांगत गेली. छप्पर कुठून पेटलं, म्हैस दाव्याला बांधलेली कशी राहिली, बाबा म्हशीसाठी परत आत कसे गेले. शेबिका पहिल्याच प्रश्नाला हमसून रडली.

निकाल आला तेव्हा शेबिका निर्वासित ठरली. मिनोती ठरली नाही. परत पाठवणं धोक्याचं आहे म्हणून माणुसकीच्या नात्याने तिला राहायची परवानगी मिळाली, आणि ओळखपत्रावर प्रकाराच्या जागी छापून आलं, 'इतर'. इतरांना इथे राहता येतं, काम करता येतं. निर्वासितांना मिळतं ते प्रवासाचं पुस्तक मात्र मिळत नाही. जायचंच असेल तर स्वतःच्या देशाचा पासपोर्ट हवा, आणि मिनोतीच्या पासपोर्टची मुदत कधीच संपली होती. नवा काढायचा तर ज्यांच्या भीतीने पळालो त्यांच्याच वकिलातीची घंटा वाजवायची. तेही करून बाहेर पडलं, तर परत आत घेतील याची खात्री कुणी देत नव्हतं.

शेबिका रडली ते खोटं नव्हतं. ती टीव्हीवरच्या मालिका बघतानाही रडायची. ढोंग असतं तर मिनोतीला तिचा रीतसर राग तरी करता आला असता.

संध्याकाळी तिने पुस्तिका हातात घेतली. शेबिका भात करत होती, तिची पाठ होती तेव्हा. फोटोत शेबिकाचे केस नीट विंचरलेले होते. पुढच्या पानावर लिहिलं होतं, की हे पुस्तक सगळ्या देशांसाठी चालेल, एक बांगलादेश सोडून. मिनोतीला हे सगळं आधीच माहीत होतं. जे नियम आपल्याला कधी लागू होणार नव्हते ते तिने फोनवर शोधून शोधून वाचले होते, जखमेची खपली काढावी तसे.

"बिजूच्या सणाला जाते मी," शेबिका म्हणाली. "त्रिपुरात, मामाकडे. मा सरहद्दीच्या पुलावरून रीतसर येईल, तिचा पासपोर्ट आहे. भारताचा व्हिसा तेवढा मिळाला पाहिजे."

"मिळेल. तुला सगळंच मिळतं."

शेबिका हातातला डाव तसाच धरून थांबली. मग म्हणाली, "लोणचं काढ."

व्हिसा मिळाला. रविवारी विहारात बायकांनी शेबिकाला गराडा घातला. कुणी जिनसेंगच्या गोळ्या दिल्या, कुणी मोजे, कुणी आगरतळ्याच्या नणंदेसाठी क्रीम. "आईला माझाही नमस्कार सांग गं," सगळ्या म्हणत होत्या. मिनोती एका कडेला कप धूत बसली होती. एक म्हातारी तिच्याजवळ येऊन हळहळली, "तुझंही होईल हो कधीतरी. धीर धर."

"माझं काय व्हायचंय?" मिनोती हसून म्हणाली. "एकीने जाऊन आलं की झालं. आई काय दोन आहेत?"

जायच्या आदल्या दिवशी शेबिका बॅगेवर बसून चेन ओढत होती. ओढता ओढता तिने विचारलं, "बेई, माच्या अंघोळीला पाणी आधी कुठे ओतायचं? डोक्यावर की पायावर?"

मिनोतीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. बिजूच्या सकाळी घरच्या म्हाताऱ्या माणसांना नदीच्या पाण्याने न्हाऊ घालायचं. लहान होती तेव्हापासून पाणी आणायचं ते मिनोतीने. आधी पायांवर, मग खांद्यांवर, डोक्यावर सगळ्यात शेवटी. डाव्या कानावर तळहात धरायचा, कारण माचा तो कान फुटका आहे. शेबिका तेव्हा पाण्यात डुंबत असायची.

"एवढंही माहीत नाही तुला?"

"दर वर्षी तूच घालायचीस. मला कधी हात लावू दिलास?"

मिनोतीने बॅगेची चेन एका झटक्यात बंद केली. "कसंही ओत. पाणीच ते," ती म्हणाली.

बिजूच्या सकाळी न्हाणीघरात गर्दी होती. मालकीणबाईंनी मिनोतीला फोन गल्ल्यावर ठेवायला लावला होता. अकराच्या सुमाराला त्यांनीच तो आत आणून दिला. "सारखा वाजतोय. घे बाई, नाहीतर पाण्यात फेकीन."

मिनोती टॉवेलांच्या खोलीत गेली.

"बेई," शेबिका धापा टाकत होती. "मा नाही येऊ शकत. परवा पायरीवरून पडली, कंबरेला लागलंय. पुलावर रांगेत उभं राहणं जमायचं नाही तिला. रिपन तिला पाठीवर घेऊन पलीकडच्या काठापर्यंत आणतोय." रिपन म्हणजे त्यांच्या काकांचा मुलगा. "मी आत्ता मामाच्या गावाखाली आहे, सरहद्दीवर, फेणी नदीच्या काठावर. कुंपणाचं दार उघडं आहे. इथली माणसं नदीतल्या वाळूवर मिरच्या लावतात, येतात-जातात. पाणी गुडघाभर आहे बेई. बायका लुगडं वर खोचून जातात. मामा म्हणतो जा, कोण बघतंय? तास-दीड तासाचं काम. जाऊ?"

मिनोतीने खोलीचं दार आतून लोटून घेतलं.

"तू सगळे नियम वाचलेस. सांग ना. जाऊ?"

नियम मिनोतीला पाठ होता. ज्या देशातून जीव घेऊन पळालो त्या देशात आपल्या पायांनी परत गेलं, तर मिळालेला आश्रय काढून घेता येतो. शिक्का लागतो असं नाही. एखाद्या भाच्याने फोटो काढून टाकला तरी पुरे, आणि बिजूच्या दिवशी फोटो न काढणारा भाचा अजून जन्मायचा होता.

'जा' हा शब्द तिच्या जिभेवर आपसूक आला. त्याची चवही तिला कळली, गोड. जा, आपली आई आहे, असं कुठलीही मोठी बहीण म्हणेल. कुणी बोट दाखवणार नाही. शेबिका पाण्यात उतरेल आणि पलीकडे निघेल ती मिनोतीसारखी होऊन, 'इतर' होऊन.

तिने तो शब्द गिळला. "जाऊ नकोस," ती म्हणाली.

आणि म्हटल्याबरोबर तिच्या लक्षात आलं, की हेही तितकंच गोड लागलं. मला मा भेटली नाही, आता तुलाही नाही. कुठलंही उत्तर उचललं तरी खाली तेच वळवळत होतं.

"नुसतं गुडघाभर पाणी आहे," शेबिका रडत म्हणाली.

"असू दे. पाय भिजवायचा नाही."

"तू जळतेस माझ्यावर. पहिल्या दिवसापासून जळतेस. पुस्तक हातात घ्यायला तुझे हात ओले होते!"

"हो, जळते," मिनोती म्हणाली. "जळते म्हणून नियम खोटा होत नाही. काठावर थांब."

फोन बंद झाला. मिनोती आत गेली आणि एका लठ्ठ बाईचे पाय घासू लागली. बाई तिला सुनेच्या कागाळ्या सांगत होती. मिनोती "हो, हो" म्हणत होती. शेबिका आता कुठे असेल, हे तिला माहीत नव्हतं. पाण्यात असेल का? आपण असतो तर पाण्यातच असतो. तिच्या जागी आपण केव्हाच पलीकडे पोचलो असतो, हे मनात येऊन तिचा हात थांबला.

"झालं इतक्यात?" बाईने विचारलं.

फोन पुन्हा वाजला तेव्हा ती तशीच ओल्या हातांनी टॉवेलांच्या खोलीत धावली. या वेळी पडद्यावर चित्र होतं. पिवळट वाळू, पाण्याचा पट्टा, पलीकडे पुन्हा वाळू. शेबिका दिसत नव्हती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"काठावरच आहे मी," ती म्हणाली. "समोर बघ. रिपनच्या शेजारी. बसवलंय तिला."

पलीकडच्या वाळूवर तांबडा-काळा एक ठिपका होता. आई कमरेला नेसते त्या पिनोनचे रंग. मिनोतीने पडदा डोळ्यांजवळ नेला तशी तिथे नुसते चौकोन दिसू लागले.

"दिसली?"

"दिसली."

वाऱ्याबरोबर पलीकडून आवाज आला, बारीक, लांबवलेला. तो पुन्हा आला.

"मि-नो-ती!"

"मोतीबिंदू झालाय तिला," शेबिका घाईघाईने म्हणाली. "तिला वाटतंय तूच आलीस."

मिनोती टॉवेलांच्या ढिगाला टेकली. आईने मोठीलाच हाक मारली होती. तिने ते क्षणभर तसंच राहू दिलं.

"तुझं नाव सांग तिला," ती मग म्हणाली. "ओरडून सांग. एवढ्या लांब तू गेलीस."

"मा! मी शेबिका! शेबिका!"

वारा उलटा होता. पलीकडचा ठिपका थोडा हलला, हात वर झाल्यासारखा दिसला.

"मि-नो-ती! ये गं!"

"बेई," शेबिकाचा आवाज अगदी लहान झाला होता. "ओ देऊ?"

मिनोती नुसती होकारार्थी मान हलवत राहिली, आणि शेबिकाला ते दिसत असावं. पडद्यावरची नदी तिरकी झाली. कडेने शेबिकाचा हात वर गेला, बांगडी कोपराकडे घसरली.

"ओ, मा!" ती ओरडली.

"मावशी!" आतून लठ्ठ बाईने हाक मारली. "अगं एकाच पायाची मावशी, दुसऱ्या पायाचं काय?"

मिनोतीने फोन टॉवेलांवर उभा करून ठेवला, नदी दिसत राहील असा.

"आले," ती म्हणाली, आणि मोजा हातात चढवत आत गेली.