कुंडीतलं एक मिनिट

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात मधुकर मास्तरांनी मुंबईच्या नव्हे, इकडच्या लालबागच्या विहिरीसारख्या खोल, भूमिगत पाण्याच्या कुंड्यांवर माहितीपट काढायला घेतला. खिशात दमडी नाही, हौस मात्र राजाची! मुंबईच्या स्टुडिओत सगळे आवाज एकत्र बसवायला दोनच तास मिळणार होते, म्हणून टेप घरीच निवडून न्यायची होती. खोकला आला, काप. बैल हंबरला, काप. कापलेल्या जागी त्याच ठिकाणची शांतता चिकटवायची, नाहीतर ऐकणाऱ्याला खड्डा जाणवतो. त्यासाठी मास्तरांनी कुंडीच्या तोंडाशी एक मिनिट नुसती शांतता भरून घेतली होती.

त्याच मिनिटात सुकलाल गेला.

सुकलाल खाली गाळ काढत होता. तिथली रीत अशी, की खालच्याने मधूनमधून विचारायचं, "आहे का वर कोनी?" वरच्याने "हाव" म्हणायचं. जवाब नाही आला, तर वर काही बिघडलं समजून खालच्याने चढायला लागायचं. सुकलालने विचारलं. दोराशी मास्तर एकटेच होते. टेप फिरत होती, मिनिट वाया जाईल म्हणून ते गप्प राहिले. सुकलाल अंधारात घाईने चढला आणि घसरला.

"त्याने हाक मारलीच नाही," मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं. लोकांनी मानलं. मास्तर कशाला खोटं बोलतील?

आता भर दुपारी त्यांनी ब्लेडने ती हाक कापली, तुकडा सदऱ्याच्या खिशात टाकला, टेप जोडली. वाजवली, तर हाक तिथेच. पुन्हा कापली. पुन्हा तिथेच. खिशात तीन तुकडे झाले, हाक टेपवर तशीच.

इतक्यात दारात सुकलालची बायको धुरपदाबाई उभी राहिली.

"मास्तरसाब, ह्यांचा आवाज एकडाव ऐकवा न."

नाही कसं म्हणणार? मास्तरांनी सुकलालची मुलाखत लावली. तो गाळाबद्दल, पाण्याबद्दल हसून बोलत होता. बाई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मग शांततेचा जोड आला.

"आहे का वर कोनी?"

मास्तरांनी झडप घालून बटण दाबलं. चाकं थांबली.

"आहे का वर कोनी?" थांबलेल्या यंत्रातून आवाज आला.

धुरपदाबाई यंत्राकडे बघत नव्हती. मास्तरांकडे बघत होती.

"इचारून राह्यले न ते. द्या जवाब."

"हाव," मास्तर कसेबसे म्हणाले.

यंत्र गप्प झालं. खोलीत कुंडीतली ती गार शांतता पसरली.

"तवा काहून नाही देल्हा?" बाईने विचारलं.