माहेराला निघालेली मासोळी

"बाबा, मासोळीला दिवस गेलेत हे कचेरीच्या हुकमाला कसं कळतं?"

माझ्या वर्गातल्या गौसियानं पैज लावली होती, की हे मी बापाच्या तोंडावर विचारणारच नाही. मी विचारलं. आईची भाकरी तव्यावर तशीच राहिली.

बाबा कचेरीत कारकून. मासोळ्या अंडी घालतात म्हणून पोळ्यापर्यंत कयाधू नदीच्या डोहात कुणी जाळं टाकू नये, हा हुकूम त्यांच्याच अक्षरातला. ते म्हणाले, "हुकमाला कळायची काय गरज? तारीख हाय की."

"मग ती माशांना वाचून दाखवली का?"

"शालू, सातवीत गेलीस म्हणून बापाला शिकवून राहिलीस काय?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नि गौसिया डोहावर गेलो. पाण्यावर धुकं असं पसरलं होतं, की नदी अजून पांघरुणातच आहे असं वाटावं. भोयाची रूपामावशी कमरेइतक्या पाण्यात उभी होती. दोन महिने तिची चूल नावालाच पेटली होती. आज बंदी उठली होती.

पहिली मासोळी जाळ्यात आली. मावशीनं तिचं पोट अंगठ्यानं हलकेच चाचपलं, कनवटीच्या डबीतली हळद तिच्या कपाळाला लावली आणि तिला पाण्यात सोडलं. "जा माय, माहेराला जा."

"काहून सोडली?" गौसियानं विचारलं.

"पोटात अंडी हायेत. बाळंतपणाला निघालेल्या लेकीला कोण अडवतं?"

दुसरीही भरलेली. तिसरीही. यंदा पाऊस महिनाभर उशिरा आला, तशा मासोळ्याही उशिरा निघाल्या होत्या. मीही पाण्यात उतरले. हळद लावलेल्या मासोळ्या माझ्या पोटऱ्यांना घासून वर, प्रवाहाच्या उलट निघाल्या. धुक्यात ते पिवळे ठिपके विझत गेले, आणि मला वाटलं, नदीच्या वरच्या टोकाला कुणीतरी दार उघडून त्यांची वाट बघत असेल.

पलीकडच्या काठाला लोक टोपल्या भरत होते. कुणीच पोट चाचपत नव्हतं.

"त्यांचं काही चुकलं न्हाई, पोरी," मावशी रिकामी टोपली उचलत म्हणाली. "मासे रिकामे होते तवा मला बंदी. आता भरले, तर सगळ्यांना मोकळीक."

संध्याकाळी मी हे सगळं घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "मग म्या काय आभाळाला हुकूम लिहू?"

"आभाळाला नको. मावशीला विचारून लिहा."

महायुद्धामुळं बाजारात कागद मिळत नव्हता. माझी वही बाबांच्या जुन्या हुकमांच्या पाठकोऱ्या कागदांची होती. मी ती आई-बाबांच्या मधे ठेवली.

"मी ठरवलंय. उद्यापासून शाळेच्या आधी डोहावर जाणार. मावशी पोट चाचपून सांगेल, मी तारीख घालून लिहीन. पुढच्या साली बाबा ही वही साहेबांपुढं ठेवतील, मगच हुकूम निघेल. आणि आई, सकाळी चार भाकरी जास्तीच्या थाप. मासोळ्या माहेराहून परत येईस्तोवर मावशी आपल्याकडं जेवणार."