निडरमूलचा चढ

"केलर आजोबा कुठे आहेत?" रिकाम्या पलंगाकडे बघत शरयूताईंनी विचारलं.

कांताने नाश्त्याचा ट्रे टेबलावर ठेवला. शेजारच्या खोलीत एक बाई पडल्या म्हणून ती धावली होती, जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात आजोबा मागच्या दाराने बाहेर पडले होते. कोट खुंटीवरच होता.

"तुझी शिफ्ट होती, कांता. वर रिपोर्ट करावाच लागेल मला." शरयूताई त्या वृद्धाश्रमाच्या हेड नर्स होत्या. "पोलिसांना कॉल केलाय. ते नदीकडे सर्च करतायत."

८४ सालचा मार्च. तीन दिवसांच्या पावसाने अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिनजवळची सायोटो नदी फुगली होती. पहाटेच पुराचा भोंगा वाजला होता.

"नदीकडे नाही जाणार ते," कांता म्हणाली.

"तुला काय माहीत?"

तिला माहीत होतं. आजोबांना ओहायोतली साठ वर्षं आठवत नव्हती, पण जर्मनीतलं निडरमूल घरागणिक आठवत होतं. दोन डोंगरांमधली चिंचोळी दरी, तळाशी पाणचक्की, साठ-सत्तर उंबरे आणि माथ्यावर चर्च. गाव तीनदा वाहून गेलं, तीनदा त्याच जागी उभं राहिलं. चर्चच्या भिंतीवर प्रत्येक पुराचं साल कोरलेलं होतं. त्यांना भरवताना कांताने हे दोन वर्षं ऐकलं होतं. पाणी चढलं की घंटा वाजायची आणि अख्खं गाव वर धावायचं.

"पोलिसांना वर चर्चकडे पाठवा," असं सांगत कोट उचलून ती मागच्या टेकडीवरच्या चर्चकडे पळाली. चढावर दोनदा पाय घसरला. हाका मारून घसा बसला.

आजोबा चर्चच्या पायरीवर बसले होते. ओलेचिंब, ओठ निळे पडलेले.

तिने कोट त्यांच्या अंगावर घातला. "चला, मिस्टर केलर."

"सगळे वर आले?"

"आले."

"लीझल?"

हे नाव तिने कधीच ऐकलं नव्हतं. "लीझल कोण?"

"माझी धाकटी बहीण. मी तिचा हात धरला होता. चढावर सुटला."

'आली' म्हणायला कांताची जीभ रेटेना.

पोलिसांची गाडी वर आली. दोघे स्ट्रेचर घेऊन उतरले, तसा आजोबांनी कठडा घट्ट धरला.

"एक मिनिट थांबा," कांता त्यांना म्हणाली.

ती ओल्या पायरीवर आजोबांशेजारी बसली आणि तिने आपला हात पुढे केला. त्यांनी कठडा सोडून तो धरला, बोटं दुखतील इतका घट्ट. तिने सोडवून घेतला नाही. दोघं खालच्या रस्त्याकडे बघत राहिले.