बाबांचे कान

थोरलीने कानांच्या तपासणीचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरातले समस्त वैद्यकीय तज्ज्ञ, म्हणजे बाबा, काका आणि आत्या, तिला समजवायला बसले. तिघांचाही वैद्यकाशी संबंध पेशंट म्हणून आला होता, तेवढाच.

"कानातला मळ काढायला शिक्षण लागतं?" बाबांनी विचारलं.

ती शांतपणे सांगू लागली. वाटा दोन. एकतर आधी पदवी घ्यायची, मग नोकरी शोधायची. नाहीतर इस्पितळातच शिकाऊ म्हणून लागायचं, काम करत शिकायचं आणि अधूनमधून वर्गाला जायचं. तिने दुसरी धरली होती. तिचं बोलून झाल्यावर बाबांनी पेपर खाली केला. "मग डॉक्टर व्हायचं नक्की ना?"

"त्यांना कमी ऐकू येतं गं," आई म्हणाली. "लग्नापासूनच." याच एका समजुतीवर आईचा संसार सुखाने चालला होता.

शिकाऊंना सरावासाठी घरचं माणूस आणायला सांगितलं, तेव्हा आई बाबांना हाताला धरूनच घेऊन आली. थोरलीने त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. "सूर ऐकू आला की बटण दाबायचं."

ती आवाज कमी करत गेली. बाबा बटण दाबत गेले. तिने आणखी कमी केला, बाबांनी दाबलं. शेवटी तिला शिकवणाऱ्या मॅडमनी मशीनच तपासलं. मशीन ठीक होतं.

"या वयात असे कान?" मॅडम म्हणाल्या. "अभिनंदन!"

आई दाराशीच उभी होती. "किती कमी येतं?"

"कमी येतच नाही, आई."

"उजव्या कानाने?"

"दोन्ही कानांनी."

आईने पर्सची चेन लावली. बाबा बाहेर आले ते परीक्षेत पहिले आल्यासारखे. "काय म्हणतं तुझं मशीन?"

"चला," आई अगदी हळू म्हणाली. बाबा मुकाट चालू लागले.

त्या संध्याकाळी बाबांनी काकांना आणि आत्याला फोन करून लेकीच्या शिक्षणाचं तोंड भरून कौतुक केलं. विज्ञान खरंच पुढे गेलंय म्हणाले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई बोलली, चहा झालाय. एकदाच, साध्या आवाजात. फोन संपवून बाबा आत आले, तर आई त्यांच्या वाटचा चहा पीत बसली होती.