दोन टोपणं

घड्याळजींनी गॅस बंद केला, पातेल्यात चहाची पत्ती टाकली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. चार मिनिटं. बायको होती तेव्हा ती नुसत्या वासावरून चहा गाळायची आणि हे मागे उभे राहून मुकाट्याने वेळ मोजायचे. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय?

चहा गाळून त्यांनी खिडकीत निवत ठेवला. लिंबू पिळलं, साखरेचा पाक ओतला, पुदिन्याची पानं तळहातावर एकदा चापटून टाकली. सगळं अगदी तिच्यासारखं. उन्हाळ्यात रविवारी दुपारी तिचा धाकटा भाऊ आला की ती हे करायची. ग्लासभर बर्फ, वर गार चहा आणि रमची दोन टोपणं. मग यांच्या हातात ग्लास देताना म्हणायची, हळू प्या, चढेल.

तिला जाऊन दहा महिने झाले होते. या उन्हाळ्यातला हा पाचवा प्रयत्न. दर खेपेला त्यांना वाटे, रमच कमी पडली. दोनाची तीन टोपणं झाली, तिनाची चार, तरी ती चव काही जवळ येईना. तिचा चष्मा, तिच्या चपला, सगळं घरात जागच्या जागी होतं. ही एक चव तेवढी ती बरोबर घेऊन गेली होती.

मेहुणा आला, पंख्याखाली टेकला. एकच घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं.

"भावोजी, किती घातलीत?"

"पाच टोपणं. तरी तिच्या हातची सर नाही. तिच्या दोनांतच मला कशी चढायची, आठवतं ना?"

न आठवायला काय झालं? दुसरा ग्लास अर्धा झाला की घड्याळजी गायला लागत, तेही बेसूर, आणि ती तोंडावर हात धरून हसत बसायची.

मेहुणा बराच वेळ ग्लासातला बर्फ हलवत राहिला. ताईने शपथ घातली होती, असं तो आधी पुटपुटला. मग म्हणाला, पण आता ती रागवायला थोडीच येणार आहे.

"तुमच्या ग्लासात रम नसायचीच. डॉक्टरांनी बंद केली तेव्हापासून, बारा वर्षं. ताई नुसतं रमचं बोट काठावरून फिरवायची. वास यावा म्हणून."

"आणि माझी दोन टोपणं?"

"माझ्या ग्लासात."

सेकंदाची चूक कानाने ओळखणाऱ्या माणसाला बारा वर्षं नाकासमोरचा ग्लास कळला नव्हता.

घड्याळजी उठले. आपला ग्लास मोरीत रिकामा करून विसळला, नवा बर्फ घातला, वर चहा ओतला. टोपणात बोट बुडवून काठावरून सावकाश फिरवलं, एकदाच. खुर्चीत येऊन बसले, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ त्यांनी तो घोट गिळला नाही.

मेहुण्याने पंख्याचा वेग एका घराने वाढवला, परत येऊन बसला.

"हळू प्या, भावोजी," तो म्हणाला. "चढेल."